आंबूस पाणी

सुदाम्यानं काखेतली पुरचुंडी आणखी आत दाबली, देवानं हसत हात पुढं केला, आणि अनंतबुवांनी आवाज इतका खाली आणला की समयांच्या वातीसुद्धा कान देऊन ऐकताहेत असं वाटावं. बायांचे पदर डोळ्यांकडं निघाले होते. नेमका तेव्हाच देवळाबाहेर हॉर्न वाजायला लागला.

थांबूनथांबून नव्हे. एकसलग, रेडा हंबरावा तसा.

मी बुवांच्या मागं झांज घेऊन बसलो होतो. घरच्या माणसाचा खोकला ओळखावा तसा मी तो हॉर्न ओळखला. गाडी आमची होती आणि किल्ली माझ्या खिशात होती. शेजारी पखवाजावर गजाभाऊ गुरव बसलेले. त्यांनी थाप चुकू दिली नाही, पण मान वळवून माझ्याकडं असं बघितलं की जणू माझा हात हॉर्नवरच आहे.

मी झांज ठेवून पळालो. गाडी पिंपळाखाली जशी लावली होती तशीच उभी. दारं बंद, आत चिटपाखरू नाही, आणि बोंब चालूच. बॉनेट उघडून बॅटरीची वायर उपटली तेव्हा कुठं ती गप्प झाली. परत आलो तर बुवा म्हणत होते, "द्वारकेच्या दारात आज भलतीच वर्दळ दिसते, मंडळी!" देऊळ खोखो हसत होतं. सुदाम्याच्या पोह्यांना हसलेली माणसं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. बुवांनी हशा नेटका सावरून घेतला, पण तो रंग गेला तो गेलाच.

याला आता पुष्कळ वर्षं झाली. बुवा मिरजेचे, नारदीय कीर्तनकार. मी लहू भिलारे, त्यांचा ड्रायव्हर. गाडीत आम्ही चौघं असायचो. बुवा, पखवाजाला गजाभाऊ, मी, आणि बुवांच्या थोरल्या विधवा बहीण आक्का. बुवांचं पथ्यपाणी, उपरणी, फेटे सगळं आक्कांकडं. मी मूळचा सावकाराच्या ट्रकवरचा गडी. एका उत्सवात बुवांचं कीर्तन ऐकलं आणि ट्रक सोडून दिला. बुवांनी किल्लीही दिली आणि झांजही. दिवसा रस्ता आणि संध्याकाळी नाम, याच्यापलीकडं मला काही नको होतं.

पण दिवाळीनंतर गाडीनं थेरं सुरू केली. कोरड्या उन्हात वायपर फिरायचे. उभ्याउभ्या दारं खटकन लॉक व्हायची. आणि फलटणला निघायच्या दिवशी बॅटरी अशी मेली की दुसरी मिळेपर्यंत अंधार पडला. देवळात माणसं तिष्ठत बसून उठून गेली. बुवांच्या हयातीत कीर्तन चुकलं ते तेवढंच. त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी कामापुरतंच बोलायचं ठरवलेलं दिसलं.

आता माघात आम्ही मेढ्याजवळच्या वाघदऱ्याला लक्ष्मीनारायणाच्या उत्सवाला आलो होतो, आणि इथं हा हॉर्न.

पंगतीत गजाभाऊंनी भाताचं आळं करता करता विचारलं, "किल्ली कुणाच्या खिशात होती म्हणायचं?"

"माझ्या. पण किल्लीनं हॉर्न वाजत नाही, गजाभाऊ."

"न वाजणारं वाजवायला जाणकारच लागतो. पाऊस नाही, पाणी नाही, आणि गाडीच्या अंगात येतंय. ते बी रोज सकाळी तुझा हात लागल्यावर. मी आपलं दिसलं ते बोलतो."

"मी कशाला करीन असं?"

"ते तुझं तुला ठाऊक. गॅरेजवाल्याशी तुझं बरंच गूळपीठ असतं म्हणे."

बुवा वरण ओरपत होते. ते संपवून शांतपणे म्हणाले, "लहू, परवा काल्याचं कीर्तन. मिरजेला पोचलो की किल्ली आक्काकडं दे. मी दुसरी सोय बघतो."

आक्का वाढत होत्या. त्यांनी माझ्या भातावर तुपाची धार सोडली, आणि सोडतच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी मेढ्याहून दस्तगीर मिस्त्रींना आणलं. गाड्यांचं वायरिंग करणारा माणूस. आल्याआल्या त्यांनी बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. डाव्या सीटच्या पायाशी आडवे झाले, डॅशबोर्डखालचा फ्यूजबॉक्स उघडला आणि आत बॅटरीचा झोत मारून मला म्हणाले, "ये, डोकं घाल."

पितळी टोकांवर हिरवी बुरशी चढली होती, ताकात ठेवलेल्या पितळेवर चढते तशी.

"हॉर्न, वायपर, लॉक. सगळी शेजारीशेजारी बसत्यात. मधी पाणी आलं की करंट आपली वाट सोडून शेजाऱ्याच्या दारात शिरतो. तुझी गाडी बिघडली न्हाई, बुडालीय."

"पाणी कुठलं? दिवाळीपासून थेंब नाही पडला. मी गाडी ओल्या फडक्यानं पुसतो, पाइप मारत नाही."

त्यांनी पायाखालचं जाजम उचललं, खालचा स्पंज मुठीत पिळला. तळव्यावर पाणी उतरलं. त्यांनी ते हुंगलं आणि हात माझ्या नाकाशी धरला. "वास घे."

आंबूस वास होता. बोटांना चिकटही लागत होतं.

"रेडिएटरचं?"

"त्याला रंग अस्तो. पावसाच्या पाण्याला असा वास येत न्हाई, अन् असला चिकटपणा तर न्हाईच न्हाई." मिस्त्री उठून बसले. आजूबाजूला बघून आवाज उतरवून म्हणाले, "लहूभाऊ, आभाळातनं येत न्हाई म्हंजे हातातनं येतंय. कोनतरी वततंय."

त्यांनी टोकं घासून दिली, दारं उघडी ठेवून गाडी उन्हात वाळवायला सांगितली, आणि जाताना बजावलं, "पुन्यांदा वतलं तर पुन्यांदा हेच."

आंबूस आणि चिकट. मी पिंपळाच्या पारावर बसलो आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कणीक! पखवाजाच्या डाव्या पुडीला ओली कणीक थापावी लागते, त्याशिवाय घुमारा येत नाही. गजाभाऊ रोज संध्याकाळी कणीक मळायचे, कीर्तन झालं की खरवडून पितळी वाडग्यात टाकायचे आणि वाडगं रात्रभर तसंच ठेवायचे. सकाळी ते पाणी आंबलेलं असायचं. आणि दिवाळीतच ते बुवांना म्हणाले नव्हते का, "भाच्यानं माझ्या लायसन काढलंय, कुठं कामाला लागला तर बघा"? दिवाळीत भाचा, दिवाळीपासून पाणी. यात जुळवायचं काय राहिलं होतं?

त्या दिवशी मी गजाभाऊंवर मांजरीसारखी पाळत ठेवली. दुपारी ते विडा चघळत गाडीला एक फेरी मारून आले. तीनदा खाली वाकून चाकं बघितली. चाकात काय असतं बघायला? ते विहिरीवर गेल्याचं पाहून मी धर्मशाळेत शिरलो, कोनाड्यातलं वाडगं उचललं आणि नाकाशी नेलं. आंबूसच!

"काय रे? माझं भांडं हुंगतोस?"

दारात गजाभाऊ उभे, खांद्यावर ओला पंचा.

"मांजर... मांजरानं तोंड घातलं का बघत होतो."

"कणकेला मांजर तोंड घालत नाही." त्यांनी वाडगं माझ्या हातातून काढून घेतलं. "अन् तू काय शोधतोयस ते मलाबी कळतंय. पुरावा नाहीसा करायला आला असशील." पुरावा कसला, ते ना त्यांना सांगता आलं असतं ना मला. पण त्या संध्याकाळी कीर्तनात त्यांच्या थापा आणि माझी झांज एकमेकींना टोचत होत्या. बुवांनी दोनदा मागं वळून बघितलं.

काल्याच्या दिवशी पहाटे मी नदीवर आंघोळीला गेलोच नाही. गेल्याचं नाटक केलं, पंचा घेऊन निघालो, आणि वळसा घालून दीपमाळेच्या मागं येऊन बसलो. तिथून गाडी समोर दिसायची. बसलो तो कुणाच्या तरी गुडघ्यावर.

"आयाया!" अंधारात कुजबुज झाली. डोक्यावरून घोंगडी घेतलेले गजाभाऊ! "तू हितं काय करतोस?"

"तुम्ही काय करताय?"

"तुला पकडायला बसलोय."

"मी तुम्हाला!"

"मला? माझ्या कमरेत उसण भरलीय या गारठ्यात, अन् मी गाड्या मोडत हिंडतोय व्हय?"

मी उत्तर देणार तोच त्यांनी माझं मनगट दाबलं. देवळाच्या मागच्या दारातून कुणीतरी बाहेर आलं होतं.

आक्का होत्या. डोक्यावरून पदर, अनवाणी. पदराआड काहीतरी धरलेलं. चार पावलं चालून थांबल्या, इकडंतिकडं पाहिलं, पुन्हा चालल्या. आक्का अशा चोरासारख्या चालताना मी कधी बघितल्या नव्हत्या. माझ्या मनगटावरची गजाभाऊंची पकड सैल झाली.

गाडीच्या काचेच्या तळाशी, वायपर टेकतात तिथल्या काळ्या जाळीवर, आदल्या रात्रीच्या कीर्तनातला हार ठेवलेला होता. यात लपवण्यासारखं काही नव्हतं. बुवांच्या गळ्यातला हार कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून आक्का तो नेहमी गाडीच्या कपाळाशी ठेवायच्या आणि वाटेत नदी लागली की सोडायच्या. सगळ्यांना ठाऊक होतं. आता त्यांनी हार सारखा केला, पदराआडून तांब्या काढला आणि देवाच्या अभिषेकाचं तीर्थ, दूधदहीमधाचं ते पाणी, त्या जाळीवर सावकाश धार धरून ओतलं. मग काचेवरून दोन्ही हात उतरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली.

पहाटेची शांतता होती, म्हणून शब्दनशब्द ऐकू आला.

"बाई, तुला दृष्ट लागलीय, तुझा दोष नाही. पण त्या पोराच्या पोटावर नको गं पाय देऊ. परवा तांब्या अर्धाच होता, चुकलं माझं. आज काठोकाठ आणलाय. एवढं मिरजेपर्यंत शहाण्यासारखी चल."

कपाळ बॉनेटला टेकून त्या आल्या तशा निघून गेल्या.

लपूनछपून का, ते आम्हाला सांगावं लागत नव्हतं. बुवा कीर्तनातून दृष्ट काढणाऱ्यांवर असे कोरडे ओढायचे की लोक हसून लोळायचे. आणि ही त्यांची सख्खी बहीण.

"तेवढ्यानं काय होतंय?" गजाभाऊ पुटपुटले. "पाणी खाली जाऊन जमिनीवर पडत असंल की."

"पडायला पाहिजे. जाळीखाली त्याला भोक असतं. तुम्ही आत डोकं घाला, मी बघतो."

देवळातून मी चिमूटभर कुंकू आणलं आणि तांब्याभर पाण्यात कालवलं. गजाभाऊ कण्हत कण्हत डाव्या सीटच्या पायाशी उताणे झाले. मी जाळीवर लाल पाणी ओतलं. खाली जमिनीवर एक थेंब आला नाही. आतून मात्र "अगं आईगं!" ऐकू आलं. गजाभाऊ बाहेर आले तेव्हा कपाळाच्या मध्यापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत कुंकवाची रेघ ओघळत होती.

"आतल्या पंख्याच्या भोकातनं आलं," ते म्हणाले, "आणि थेट फ्यूजच्या त्या डब्यावर." मग मला हसू आवरेना तसं तेही हसले. हसता हसताच गप्प झाले.

मी जाळीचे स्क्रू काढले. खालची पन्हळ काठोकाठ भरलेली. झेंडूच्या पाकळ्यांचा काळा चिखल, हाराचे दोरे, कुजलेली तुळशीची पानं. भोक पार बुजलेलं. पाण्याला खाली जायला वाट नव्हती म्हणून ते आत शिरत होतं. बोटांनी गोळा ओढून काढला आणि आम्ही बघतच राहिलो. हारातल्या मंजिऱ्यांचं बी तिथं रुजलं होतं. गोळ्यावर तुळशीची दोन रोपं वर आली होती, चार-चार पानांची, टवटवीत.

गजाभाऊंनी गोळा ओंजळीत घेतला, पाराच्या कडेला हळूच ठेवला आणि चेहरा पुसत म्हणाले, "आता बुवांना काय सांगणार?"

"सांगायचं तर खरं ते सांगायला हवं."

"सांग की. फलटणला देव उपाशी राहिला तो आक्कांच्या तीर्थानं, असं सांग. ती बाई अन्नाला शिवणार नाही पुन्हा."

"मग मी किल्ली ठेवून देऊ?"

गजाभाऊ तंबाखू मळायला लागले. "तुला माझाच संशय होता ना? माझं भांडं हुंगत होतास ते त्याचसाठी ना?"

मी मान खाली घातली.

"मग तोच खरा करू."

बुवा ओसरीवर काल्याच्या कीर्तनाची तयारी करत बसले होते. आक्का चुलीपाशी कॉफी गाळत होत्या. गजाभाऊ बुवांच्या पुढं उभे राहिले आणि एका दमात बोलून गेले. "बुवा, गाडीत पाणी शिरत होतं. पाणी माझं होतं. कणकेचं वाडगं मी सकाळी गाडीच्या जाळीवर रिकामं करायचो, दिवाळीपासून. आळसानं. लहूचा काही दोष नाही."

बुवांनी फेट्याचा पदर हातातून खाली सोडला. "आणि परवा पंगतीत त्याला काय बोललास?"

"बोललो."

"ठाऊक असून बोललास?"

गजाभाऊंची जीभ इथं अडखळली. इतकं खोटं त्यांनी योजलं नव्हतं. "असंच धरा."

"माणसाच्या हातून चूक होते, गजा. पण आपली चूक दुसऱ्याच्या पानात वाढायची?" बुवांचा आवाज कीर्तनात कधी चढला नव्हता तेवढा चढला. "मिरजेला गेल्यावर पखवाज घेऊन माझ्या दारात येऊ नकोस."

मी तोंड उघडलं, पण गजाभाऊंनी माझ्याकडं असं बघितलं की शब्द परत गेला. पंचवीस-तीस वर्षांची साथ. बुवांची मान कुठल्या मात्रेला हलणार ते या माणसाला आधी कळायचं. आणि तो खाली मान घालून पंच्याची कड चिमटीत चुरगाळत होता.

आक्का उठून ओसरीच्या पायऱ्या उतरल्या. पाराशी गेल्या, वाकल्या, आणि परत आल्या तेव्हा त्यांच्या ओंजळीत तो काळा गोळा होता. त्या कधी बाहेर गेल्या होत्या, कधी त्यांनी तो पाहिला होता, कोण जाणे.

"कणकेला तुळस फुटत नाही, गजा," त्या म्हणाल्या.

मग त्या बुवांकडं वळल्या.

"हार माझे. पाणीही माझं. रोज पहाटे तीर्थ घालत होते. दृष्ट उतरवत होते, बाळ, तू ज्याला हसतोस तेच. दिवाळीत घाटात एका ट्रकनं गाडीला घासलं, तेव्हापासून. गाडी जितकी हट्टाला पेटली तितका मी तांब्या भरत गेले. फलटणचा देव माझ्यामुळं बसून राहिला. कुणाला दारात येऊ द्यायचं नसेल तर मला नको येऊ देऊस."

बुवा त्या दोन रोपांकडं बघत होते. "मला का नाही सांगितलंस, आक्का?"

"सांगितलं असतं तर हसला असतास. चारचौघांत हसतोस तसा."

बुवांनी उठून आक्कांच्या ओंजळीखाली आपली ओंजळ धरली आणि गोळा त्यात घेतला. मग तशाच मातीच्या हातांनी माझ्याकडं वळले. "किल्ली तुझ्याकडंच असू दे, लहू." आणि थोडं थांबून, "गजा, पखवाज लाव. लोक जमले असतील."

काल्याचं कीर्तन रंगलं. अशा कीर्तनात दृष्ट काढणाऱ्या बाईचा एक हुकमी विनोद असायचा. त्या दिवशी तो आला नाही. पुढंही मी तो त्यांच्या तोंडून ऐकला नाही.

दुपारी निघायची वेळ झाली. सामान भरलं, बुवा पुजाऱ्यांचा निरोप घेत देवळात रेंगाळले होते. मी गाडीचं दार उघडलं आणि पाहिलं, तर आक्का गाडीपुढं उभ्या होत्या. हातात तांब्या. गाडीला तीर्थ आणायची सवय हातापायांना होती, तिनं त्यांना इथवर आणलं होतं, आणि आता पुढं काय करायचं ते त्यांना समजत नव्हतं. काचेकडं बघत होत्या, तांब्याकडं बघत होत्या. डोळे भरले होते.

मी जाऊन त्यांच्यापुढं उजवा तळवा धरला.

"गाडीला नको, आक्का. मला द्या. चालवतो मीच."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. तांब्या कलता केला, थोडं तीर्थ माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. मी ते प्यालो आणि ओला हात डोक्यावरून फिरवला.

"मलाबी," मागून आवाज आला. पखवाज सीटवर ठेवून गजाभाऊ पुढं आले. "अन् मला दोनदा घाला, आक्का. तीन महिने या पोरावर आळ घेत होतो मी."

आक्कांनी त्यांना दोनदा घातलं.

त्यांचं वाडगं मीही हुंगलं होतं. रिकामा झालेला तळवा मी पुन्हा पुढं केला.